विल्यम पेनच्या तहाचं जुनं प्रिंट मिळालंय, अस्सल आहे का कसं ओळखायचं?

डेलावेअरकाठी:
नमस्कार मंडळी. आम्ही फिलाडेल्फियाजवळ राहतो, इथल्या एका इस्टेट सेलमध्ये (घरातलं जुनं सामान विकतात तो) मोठं फ्रेम केलेलं काळंपांढरं चित्र दिसलं, भाव बरा वाटला म्हणून उचललं, आता बायको विचारतेय हे लावणार कुठे. चित्रात भल्यामोठ्या झाडाखाली टोपीवाली गोरी मंडळी, मधे एक जाडजूड गृहस्थ हात पसरून उभे, समोर पिसं लावलेले मूळ अमेरिकन, आणि एक जण गुडघे टेकून कापडाचा तागा उलगडून दाखवतोय. खाली बारीक अक्षरात बेंजामिन वेस्ट, जॉन हॉल, बॉयडेल आणि १७७५ एवढं लागतं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी लेनापी नावाच्या मूळ अमेरिकनांशी केलेला तह आहे इतकं गूगलने सांगितलं. तर हे खरंच १७७५ चं असेल का, आणि यात एवढं विशेष काय आहे? आमच्या डोक्यात क्वेकर म्हणजे ओट्सच्या डब्यावरचा टोपीवाला!

कागदकिडा:
त्या नावांवर जाऊ नका, नंतरच्या छपाईतही ती तशीच्या तशी येतात. वेस्टने मूळ तैलचित्र १७७१-७२ मध्ये लंडनला काढलं, त्यावरून जॉन हॉलने तांब्याच्या पत्र्यावर कोरलं आणि बॉयडेलने १७७५ ला छापून विकायला काढलं, इथपर्यंत तुमचा मजकूर बरोबर आहे. आता घड्याळजी वापरतात तसलं भिंग आणा आणि चेहऱ्यांवर धरा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर विषय संपला, ती फोटोवरून केलेली छपाई, म्हणजे फार तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाची. सलग कोरलेल्या रेघा दिसल्या तर पुढे बघायचं. चित्राच्या चारी बाजूंनी कागद किंचित दबलेला लागतो का, पत्रा दाबल्याची ती खूण, पण कडा कापलेल्या असतील तर ती गेलेली असते. कागद उजेडासमोर धरा, आडव्याउभ्या रेषा दिसल्या तर जुन्या हातकागदाची शक्यता वाढते. आणि कृपा करून स्वतः फ्रेम फोडू नका, जुना कागद मागच्या पुठ्ठ्याला चिकटलेला असला की टरकन फाटतो.

माई_इतिहासवाली:
विशेष काय ते मी सांगते. ते जाडजूड गृहस्थ म्हणजे विल्यम पेन, स्वतः क्वेकर. दुसऱ्या चार्ल्स राजाकडे त्याच्या वडलांचे १६,००० पौंड येणं होतं, त्या बदल्यात राजाने १६८१ ला अख्खा पेनसिल्व्हेनिया देऊन टाकला (राजाच्या बापाचं काय जात होतं, जमीन लेनापींची!). पुढच्या वर्षी पेन तिथे आला आणि नदीकाठच्या शॅकमॅक्सन गावी एल्मच्या झाडाखाली तह झाला असं सांगतात. गंमत अशी की त्या तहाचा लेखी कागद आज कुठेच नाही. पेन तेव्हा अडतिशीचा होता, चित्रात मात्र पोट सुटलेला म्हातारबा, आणि कपडे वेस्टच्या स्वतःच्या काळातल्या क्वेकरांचे. वेस्टने आपले वडील आणि सावत्र भाऊही त्या घोळक्यात घुसवलेत, ते तर १६८२ ला जन्मलेलेसुद्धा नव्हते.

पण खरी मेख पुढेच आहे. हे चित्र काढून घेतलं कोणी, तर पेनच्याच मुलाने, थॉमस पेनने. आणि या थॉमसने १७३७ ला लेनापींना काय दाखवलं ठाऊक आहे? १६८६ चा म्हणून एक जुना करार पुढे केला, माणूस दीड दिवसात चालेल तेवढी जमीन आमची. मग आधी रानातून वाट साफ करून घेतली, तीन तगडे चालणारे पैसे देऊन ठेवले, दोघे वाटेतच गळाले, पण तिसऱ्याने एवढं अंतर कापलं की सुमारे बारा लाख एकर हातातून गेली. असल्या माणसाने बापाच्या न्यायीपणाचं चित्र करून घ्यावं म्हणजे कमालच आहे. मला तर तो कापडाचा तागा बघितला की हेच आठवतं, सगळ्यांची नजर कापडावर आणि मागे बघा, घरं बांधायला सुरुवातसुद्धा झालीये.

सांजवेळ:
माई, मुलाच्या पापाचं माप बापाच्या पदरात का? पेनने जमिनीचे पैसे मोजले, हत्यारं न घेता गेला, त्या काळात हे किती जणांनी केलं? व्होल्तेअरसारखा खवट फ्रेंच लेखकही म्हणाला होता की शपथ न घेता झालेला आणि कधी न मोडलेला हा एकच तह. क्वेकर कोर्टातसुद्धा शपथ घ्यायचे नाहीत, त्यासाठी तुरुंगात जायचे, तेव्हा हा टोमणा बरोबर बसतो.

माई_इतिहासवाली:
व्होल्तेअर म्हणाला १७३४ ला, चालायची शर्यत झाली १७३७ ला. तीनच वर्षं टिकलं ते वाक्य. शिवाय पेनच्या पदरी स्वतःचे गुलाम होते हेही सांगायला हवं. हां, जर्मनटाउनच्या काही क्वेकरांनी १६८८ लाच गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला होता, म्हणजे सगळ्यांना एका माळेत ओवता येत नाही.

कागदकिडा:
भांडा सावकाश 😄 एक जोडतो. क्वेकर घरात चित्रं लावणं म्हणजे थिल्लरपणा समजायचे. तरी गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या इंग्लंडच्या थॉमस क्लार्कसनने १८०६ ला लिहून ठेवलंय की त्यांच्याकडे भिंतीवर कधीमधी तीन प्रिंट्स दिसतात: पेनचा हा तह, गुलामांच्या जहाजाचा तो प्रसिद्ध नकाशा आणि ॲकवर्थच्या क्वेकर शाळेचा आराखडा. त्यामुळे सेल कुठल्या घरातला होता ते विचारा, जुनं क्वेकर कुटुंब असेल तर भिंग आणायचे कष्ट जरूर घ्या. पुढे हेच चित्र बशांवर आणि पडद्यांच्या कापडावरसुद्धा आलं, म्हणून नकला पोत्याने आहेत.

वर्ध्याचा_पोरगा:
ओट्सचा डबा राहू द्या, त्या कंपनीचा क्वेकर पंथाशी संबंध नाही. आमच्या सेवाग्रामला मार्जोरी साइक्स होत्या, त्या क्वेकर, गांधीजींच्या नई तालीम शिक्षणाच्या कामात शिक्षक घडवायच्या. तीच ती मंडळी.

डेलावेअरकाठी:
बापरे, धागा एवढा रंगेल वाटलं नव्हतं. भिंग मागवलंय. घर कोणाचं होतं ते सेलवाल्या बाईंना मेल टाकून विचारतो. आणि ते झाड अजून आहे का हो?

माई_इतिहासवाली:
१८१० च्या वादळात पडलं. जागेवर पेन ट्रीटी पार्क आहे, नदीला लागूनच, १८२७ चा छोटा दगडी स्तंभ आहे तिथे. मूळ तैलचित्र तुमच्याच गावात आहे, पेनसिल्व्हेनिया अकॅडमी ऑफ द फाइन आर्ट्सकडे. ते बघून या आणि मग तागा नक्की कोणापुढे धरलाय ते इथे लिहा.