हाय पॉइंटला दुपारी निघू नका
कुणीतरी विचारलंय, हाय पॉइंटच्या हाइकला डिसेंबरात दुपारी १ ला निघालं तर चालेल का, तर माझं मत नको, न्यू जर्सीत तेव्हा साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. हाय पॉइंट स्टेट पार्क म्हणजे १,८०३ फूट, राज्यातलं सगळ्यात उंच ठिकाण, वर वारा भयंकर. आम्ही तिथल्या अ‍ॅपलाचियन ट्रेलवर (डोंगरांतली लांबलचक पायवाट) गेलो तेव्हा वर पानं आणि पानांखाली बर्फ, मायक्रोस्पाइक्स (बर्फावर घसरू नये म्हणून बुटांवर चढवायचे टोकदार खिळे) नसते तर परतच फिरावं लागलं असतं, ते घ्याच. कॉटन अजिबात नको, घामाने भिजलं की थांबल्याबरोबर हुडहुडी भरते. बाटली बॅगेत उलटी ठेवा, पाणी वरून गोठतं, झाकण मोकळं राहतं. आणि हो, हरणांच्या शिकारीचा सीझन असतो, मुलांनाही भडक नारिंगी जॅकेट घाला प्लीज.