मदत हवी आहे: चिनी विद्वानांची चित्रकला राजाश्रयाने वाढली की राजाश्रय सुटल्यावर?

नमस्कार मंडळी, आमच्या ग्रुपात पुढच्या रविवारी चिनी चित्रकलेवर वीस मिनिटं बोलायचंय (हौसेने हात वर केला, आता भोगतोय). जिथेतिथे एकच वाचायला मिळतं, दरबारी चित्रकार म्हणजे पगारी, बारीक रंगकाम करणारे, आणि विद्वान म्हणजे हौशी, शाईत मनातलं उतरवणारे, दोघांचा छत्तीसचा आकडा. पण मला ते पटेना.

सम्राट हुईझोंग बघा. ११०४ मध्ये त्याने चित्रकलेची सरकारी शाळा काढली आणि परीक्षेत कवितेची ओळ द्यायचे. एक ओळ सांगतात ती अशी की फुलं तुडवून आलेल्या घोड्याच्या टापांना सुगंध येतोय. आता वास काढायचा कसा? तर एका पठ्ठ्याने टापांमागे भिरभिरणारी फुलपाखरं काढली! चित्रात कविता हवी हे तर सू शीचं, म्हणजे विद्वानांच्या बाजूच्या कवी-अधिकाऱ्याचं म्हणणं, हुबेहूबपणावरून चित्र जोखणं म्हणजे पोरकटपणा असं म्हणणारा तो. आणि याच हुईझोंगच्या काळात सू शीच्या लिखाणावर बंदी होती, तरी त्याचा दोस्त मी फू दरबारात चित्र-सुलेखनाचा अध्यापक. मला तर वाटतं दरबाराने विचार ठेवून घेतला आणि माणूस तेवढा नको म्हटलं. असं म्हटलं तर चालेल का, की फारच सोपं करतोय?

दुसरी शंका संग्राहक बादशहांची. हुआंग गोंगवांग या विद्वान चित्रकाराने १३४७ ते १३५० फूचुनच्या डोंगरांची गुंडाळी रंगवली, सरकारी कारकुनी आणि तुरुंग दोन्ही भोगून झालेला म्हातारा. चारशे वर्षांनी छ्येनलोंग बादशहाकडे आधी तिची नक्कल आली, ती त्याने अस्सल मानली आणि मोकळ्या जागेत पन्नासच्या वर शेरे लिहून ठेवले, आकाशसुद्धा सोडलं नाही. १७४६ मध्ये खरी आली तर तिलाच नकली ठरवलं, त्यामुळे ती बिचारी वाचली 😅 याला आश्रय म्हणायचं की उपद्रव?

आणि शेवटचं, 'वनरनहुआ'ला, म्हणजे विद्वानांच्या या चित्रकलेच्या चिनी नावाला, मराठीत काय म्हणू? पंडित म्हटलं की लोकांना भटजी आठवतात, साहित्यिक म्हटलं की संमेलन. जाणकारांनी सुचवा, शनिवारपर्यंत स्लाइड्स संपवायच्यात.