आधी शिरा बघा, युरिया नंतर

दादा, मखमलाबादच्या तुमच्या कागदी लिंबाची पानं पिवळी पडतायत म्हणून तुम्ही विचारलंत आणि बहुतेकांनी युरिया, म्हणजे नत्राचं खत, सुचवलाय. मला पटत नाही. नत्र कमी पडलं की आधी खालची जुनी पानं शिरांसकट फिकी होतात. तुमची तर शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्यागार. हे लोह कमी पडल्याचं लक्षण.

लोह जमिनीत असतंच, पण आपल्या काळ्या चुनखडीच्या रानात ते मुळांना मिळत नाही. बुंध्याजवळच्या ढेकळावर थोडं व्हिनेगर टाकून बघा. फसफसलं की चुना आहे समजा. मग नुसतं फेरस सल्फेट जमिनीत ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं (अक्षरशः). जमिनीचा सामू (पीएच) आठच्या आसपास असेल तर ईडीटीए चिलेटही (लोह मुळांना मिळेल असं धरून ठेवणारं खत) टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचं चिलेट मागा. द्राक्षवाल्यांच्या गावात ते मिळायला अडचण नाही. तोवर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, संध्याकाळी नव्या पालवीवर फवारा. आळ्यात पाणी साचत असेल तर आधी ते थांबवा, ओल्या मुळांना काहीच लागू पडत नाही.

पानं बारीक, अरुंद होऊन शेंड्याला गर्दी झाली असेल तर जस्तही कमी आहे.

एक मात्र नीट तपासा: मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंचे पिवळे डाग एकसारखे आहेत का? वेडेवाकडे असतील तर ग्रीनिंगचा (लिंबाच्या जातीच्या झाडांवरचा जिवाणूंचा रोग) संशय घ्या. त्यावर खात्रीचा इलाज नाही. पानं प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि हा रोग पसरवणाऱ्या सिल्ला किडीचा बंदोबस्त लगेच करा.