विद्वत्तेचं गद्य हेही साहित्यच

'संशोधनपर लेखन रुक्षच असतं' हे मत मला अजिबात पटत नाही. जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरातली जर्मन भाषा आणि काव्य अकादमी १९६४पासून खास विद्वत्तापूर्ण गद्यासाठी सिग्मुंड फ्रॉइड पुरस्कार देते. नुसती विद्वत्ता तिथे पुरत नाही. त्या लेखनाने जर्मन गद्याला काय दिलं, हेही पाहतात. १९६७ साली तो राजकीय विचारवंत हाना आरेंट यांना मिळाला, आणि १९७० साली चक्क भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांना! मला तर या पुरस्काराचं नावच फार आवडतं. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड हे डॉक्टर, पण १९३० साली फ्रांकफुर्ट शहराने त्यांना महाकवी ग्योटे यांच्या नावाचा ग्योटे पुरस्कार दिला. आपल्या रुग्णांच्या हकिकती कथांसारख्या वाचल्या जातात, हे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवलंय.