सासूबाईंची शुगर: दवाखान्यात न्यावं की फोनवर भागवावं?

सेलूची_सून (२९ मार्च २०२१)

नमस्कार. परभणी जिल्ह्यातून, सेलूजवळच्या खेड्यातून लिहितेय. आमच्या आत्या (सासूबाई) साठीच्या पुढच्या, शुगर अन् बीपी दोन्ही. गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही. सेलूत आमचे फॅमिली डॉक्टर आहेत, आमच्या ह्यांच्या लहानपणापासूनचे. आधी दर महिन्याला बाजाराच्या दिवशी जायचो. शुगर, बीपी, घरच्या चार गोष्टी, गोळ्या, झालं. कोरोना आल्यापासून दवाखान्याच्या दाराला दोरी. पेशंट बाहेर लिंबाखाली अन् डॉक्टर खिडकीतून बोलायलेत. दिवाळीत एकदा गेलतो, त्यानंतर सगळं फोनवर, तेही 'बरंय का? बरंय' एवढंच. मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर गोळ्या देतो. आत्या म्हणतात, "मला काय धाड भरलीय? कशाला त्या गर्दीत न्यायलीस?"

आता पेशंट परत वाढायलेत. अन् काल होळीचं जेवण झाल्यावर घरच्या मशीनवर ३१२ आली, माझं धाबंच दणाणलं. काय करावं?

मीच_माझा_डॉक्टर

अजिबात नेऊ नका. घरात मशीन असल्यावर दवाखाना कशाला? मी वर्षभर पायरी चढलो नाही, ठणठणीत आहे. भात बंद, ज्वारीची भाकरी चालू. बस्स.

गुरुजी_अंबाजोगाई

ताई, आधी एक सांगा. ३१२ आली तेव्हा आत्यांनी हात धुतले होते का? होळी म्हणजे घरात पुरण. बोटाला गुळाचा अंश राहिला तर मशीन तोही मोजतं. पदराला पुसून भागत नाही. साबणानं धुवा, कोरडा करा, मग टोचा. पट्ट्यांच्या डबीवरची तारीख बघा, अन् डबी चुलीजवळच्या फळीवर ठेवू नका. आपल्याकडचं ऊन माहीतच आहे.

मी निवृत्त मास्तर, शुगरचं जुनं गिऱ्हाईक. फोनला नावं ठेवणाऱ्यातला मी नाही, पण डॉक्टरांना सांगायला आपल्याकडं काही पाहिजे ना? मी कालनिर्णयच्या चौकटीत लिहितो. उपाशीपोटीची वर, जेवणानंतर दोन तासांची खाली, कोपऱ्यात काय खाल्लं ते: 'भाकरी', 'भात', नाहीतर 'लग्न'. महिना संपला की पानाचा फोटो डॉक्टरांना. एकदा त्यांनी फोनवर पहिलाच प्रश्न टाकला, "गुरुजी, सोमवारी दुपारीच शुगर ७० च्या खाली काऊन जाते?" सोमवारी माझा उपास, अन् गोळी मात्र रोजच्यासारखी पोटात. आधी महिन्याच्या महिन्याला समोर बसत होतो, तेव्हा हे ना त्यांच्या लक्षात आलं ना माझ्या.

पण पाय फोनवर दिसत नाहीत. आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. शुगरनं तळव्याची जाणीव गेलेली, तिला पत्ताच नाही. रोज फोनवर 'बरंय' म्हणायची. लेकानं धरून दवाखान्यात नेली, डॉक्टरांनी चप्पल काढायला लावली, तर आत पू. पाय वाचला, पण ड्रेसिंग किती दिवस चाललं ते विचारू नका.

म्हणून दर महिन्याची फेरी टाळलीत तरी चालेल, पण तीन-चार महिन्यांची टाळू नका. दिवाळीपासून नेलं नाही म्हणता, म्हणजे आता न्याच. एचबीए१सी ही रक्ताची तपासणी करा, त्यात मागच्या साधारण तीन महिन्यांचं सगळं उघडं पडतं. त्याला उपाशी राहावं लागत नाही, तेव्हा सकाळच्या गर्दीत जायचं कारण नाही. बीपी अन् पाय दाखवा. क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी), लघवीतलं प्रोटीन अन् डोळ्याचा पडदा यंदा राहिला असेल तर तेही विचारून घ्या.

अन् वरच्या दादांना: मशीन त्या घटकेची शुगर सांगतं. वर्षाचं 'ठणठणीत' त्यावरून कसं ठरवलंत? ज्वारीची भाकरीसुद्धा मोजूनच खावी लागते.

मेडिकल_काउंटर_नांदेड

काउंटरच्या अलीकडून सांगतो, जुन्या चिठ्ठीवर वर्ष काढू नका. फोनवर डॉक्टर चिठ्ठी देऊ शकतात, २५ मार्च २०२० ला केंद्रानं टेलिमेडिसिनची नियमावली काढली. त्यात जुन्या पेशंटचा 'फॉलो-अप' म्हणजे त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत त्याच डॉक्टरांना समक्ष दाखवलेलं असणं. तुमची दिवाळी अजून त्यात बसते.

दुसरं, गावात ताप आला की लोक स्टेरॉइडच्या गोळ्या मागायला येतात. शुगरवाल्यानं मनानं घेतल्या तर शुगर झपाट्यानं चढते. ताप येऊन जेवण तुटलं तर ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळीनं उलट शुगर पडू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन ही शुगरची दुसरी गोळी असेल तर ती आजारपणात बऱ्याचदा थांबवायला सांगतात. इन्सुलिनवाल्यांनी मात्र मनानं बंद करू नये. हे सगळं डॉक्टरांना आधीच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या, रात्री-बेरात्री फोन लागत नाही. खर्च जड जात असेल तर शुगर-बीपीच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात.

सेलूची_सून

गुरुजी, बरोबर ओळखलंत. आत्या पुरणाच्या पातेल्यापासून उठून आल्या होत्या. आज जेवणानंतर हात धुवून बघितली, २२८. म्हणजे गुळानं भर घातली, पण शुगर जास्तच आहे. डॉक्टरांना फोन केला, गुरुवारी दुपारी चारला बोलावलंय, तेव्हा कुणी नसतं म्हणे. पाय बघते म्हणलं तर आत्या लुगडं खाली ओढायल्यात, "सुनंनं पाय धरायचे का?" म्हणून.

आमच्या ह्यांना ४८ वं, त्यांनाही शुगर. कोरोनाच्या लशीसाठी डॉक्टरांचं आजाराचं सर्टिफिकेट लागतं ना? ते त्याच फेरीत मागू का?

गुरुजी_अंबाजोगाई

गुरुवारी १ एप्रिल. त्या दिवसापासून ४५ च्या वरच्या सगळ्यांना लस खुली केलीय, सर्टिफिकेटची भानगड संपली. आधार कार्ड घेऊन जा. ह्यांची एचबीए१सी पण त्याच दिवशी उरकून घ्या. अन् आत्यांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाका, नुसतं 'ती गुलाबी गोळी' सांगून डॉक्टरांना कळत नाही.