विषय: नानांसाठी मॉनिटर, बजेट दहा हजार

नमस्कार मंडळी,

खूप दिवसांनी लिस्टवर लिहितेय आणि तेही कामापुरतंच, सॉरी. बाबांचा, म्हणजे तुमच्या नानांचा, मॉनिटर गेलाय. म्हणजे पूर्ण नाही गेला, उजवीकडे एक उभी हिरवी रेघ आलीय वरपासून खालपर्यंत, आणि बाबा म्हणतात रेघेच्या डावीकडे भरपूर जागा आहे, चालतंय की. मंडळाच्या स्मरणिकेची प्रुफं ते त्याच्यावरच बघतायत. मी डिसेंबरात येतेय तर इथूनच घेऊन येऊ का? इथे सेलमध्ये बरे मिळतात. की इंदूरलाच घ्यावा? बजेट दहा हजार (बाबा सात म्हणाले म्हणून मी दहा धरलंय). वापर म्हणजे मराठी टायपिंग, प्रुफं, यूट्यूबवर जुनी गाणी आणि रविवारी माझ्याशी व्हिडिओ कॉल. कंप्युटर जुना आहे, मागे निळं व्हीजीए (मॉनिटरची वायर लावायची जुनी जागा) आहे आणि फोटोत एचडीएमआयसारखंही (तीच, पण नवी) काहीतरी दिसतंय. वय ७४, चष्मा प्रोग्रेसिव्ह.

इंदूरची रामबागवाली, सध्या ह्यूस्टन

---

ताई, तिकडून आणू नको. व्होल्टेजचा प्रश्न नाही, बहुतेक अॅडॅप्टर १०० ते २४० व्होल्ट घेतात, फक्त पिन बदलावी लागते. पण बिघडला तर इथलं सर्व्हिस सेंटर तिकडची वॉरंटी बहुतेक मानत नाही, आणि बॅगेज बेल्टवर त्या खोक्याचं काय होतं ते आपण बघत नसतो. शिवाय कस्टम्स. २०१३ पासून फ्लॅट टीव्ही फ्री अलाउन्समध्ये (ड्युटी न भरता आणायच्या सामानात) बसत नाही. मॉनिटर म्हणजे टीव्ही नव्हे हे खरंय, पण ते तू पहाटे तीन वाजता काउंटरवर कोणाला समजावणार? आणि आता तेवढा फरकही राहिला नाही, ३२ इंचापर्यंतच्या मॉनिटरवर आधी २८ टक्के जीएसटी होता, तो १ जानेवारी २०१९ पासून १८ झाला.

सरळ २४ इंच, फुल एचडी, आयपीएस पॅनल (पडद्याचा एक प्रकार). सात ते नऊ हजारात बसतं. आयपीएस अशासाठी की बाजूनं बघितलं तरी रंग उडत नाहीत, स्वस्तातलं टीएन पॅनल खालून बघितलं की निगेटिव्ह फोटोसारखं दिसतं. व्हीए पॅनलचा काळा रंग जास्त काळा असतो, अंधारात सिनेमा बघायला मस्त, नानांना त्याचं काय. आणि खोक्यावर १०० हर्ट्झ (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं ते) वगैरे लिहिलेलं असतं त्याला भुलू नका, आजकाल स्वस्तातही येतं, आलं तर ठीक, त्यासाठी हजार रुपये जास्त द्यायचे नाहीत. २७ तर अजिबात नको. तेवढेच १९२० गुणिले १०८० पिक्सेल (चित्राचे ठिपके) मोठ्या काचेवर पसरतात, २४ ला इंचात ९२ येतात, २७ ला ८२, अक्षरं दाणेदार दिसतात.

अजून एक, स्वस्त मॉनिटरमध्ये बऱ्याचदा स्पीकर नसतो आणि कॅमेरा तर नसतोच. गाणी आणि व्हिडिओ कॉल म्हणतेस म्हणून आधीच सांगतोय, नाहीतर घरी आणल्यावर नाना म्हणतील मुका आणलात.

सुदामा नगर

---

अरे सुदामा नगर, तू तिशीतल्या डोळ्यांनी बोलतोयस. दाणेदार दिसतात म्हणे! आम्हाला दाणे दिसले तरी पुष्कळ झालं. तेच अक्षर २७ वर मोठं दिसतं ना, मग म्हाताऱ्या माणसाला मोठंच हवं. माझं मत २७.

पण मला खरं सांगायचंय ते मानेबद्दल. मी प्रोग्रेसिव्ह चष्म्यावर सहा वर्षं काढली. त्या काचेत जवळचं दिसतं खालच्या भागातून, म्हणून कंप्युटरवर वाचायचं तर हनुवटी वर करावी लागते आणि दोन तास तसं बसलं की मान गेली कामातून. सगळे सांगतात मॉनिटर उंच ठेवा, डोळ्यांच्या लेव्हलला. ते साध्या चष्म्यावाल्यांसाठी. आपल्याला तो खाली हवा, आणि जरा मागे झुकलेला. स्वस्त मॉनिटरचा स्टँड नुसता पुढेमागे कलतो, वरखाली होत नाही, म्हणून टेबलाची उंची आधी बघा. माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी शेवटी कंप्युटरच्या अंतराचा वेगळाच साधा चष्मा करून दिला, मॉनिटरपेक्षा स्वस्तात काम झालं.

स्नेहलतागंजवाली मावशी

---

मावशींचं बरोबर आहे पण मग नवीन कशाला? ऑफिसातून निघालेले जुने मॉनिटर मिळतात, ते मुळात महागातले असल्यामुळे स्टँड वरखाली होतो, आडवाउभा पण फिरतो, आणि तीन-साडेतीन हजारात. मी दोन घेतले. एक छान चालला. दुसरा दुकानात पांढरा दिसला, घरी ट्यूबलाइटखाली लावला तर चहाच्या रंगाचा, परत करायला गेलो तर दुकानदार म्हणे, "भिया, आपके घर की लाइट खराब है." मागचा दिवा जुना झाला की असं पिवळं पडतं. तेव्हा घ्यायचाच असेल तर पांढरा कागद सोबत न्या आणि शेजारी धरून बघा.

लोकमान्य नगर

---

बापरे, मी साधा प्रश्न विचारला होता. बाबांबरोबर दुकानात कोण जाईल तेवढं सांगा प्लीज, ते एकटे गेले तर पोहे खाऊन परत येतील.

रामबागवाली

---

सर्व संबंधितांस,

मी या लिस्टवर आहे, हे बहुधा सगळे विसरले. गेला आठवडा माझ्या मानेवर, डोळ्यांवर आणि बजेटवर चाललेली चर्चा मी हिरव्या रेघेच्या डावीकडून वाचतो आहे.

काल सिल्व्हर मॉलला जाऊन आलो, सुदामा नगर सोबत होता. जाताना तीन गोष्टी नेल्या. टेप, पांढरा कागद, आणि पेन ड्राइव्हमध्ये स्मरणिकेची पंधरा पानं. टेपनं पहिल्याच मिनिटात २४ की २७ हा वाद मिटवला, कारण इंच मोजतात ते तिरके आणि माझ्या कंप्युटर टेबलाचा कप्पा आहे आडवा, ५६ सेंटिमीटर. २४ चा मॉनिटर ५४ भरला, २७ वाला ६० च्या वर. मावशी, क्षमस्व, सुताराचा दोष.

दुकानात सगळ्या मॉनिटरवर एकच समुद्र आणि एकच पोपट चालू होता. त्यात सगळेच छान दिसतात. मी म्हटलं ही मराठीची पानं लावा. दुकानदार म्हणाला, "अंकल, पहली बार कोई पीडीएफ लेके आया है." पण फरक तिथेच कळला. एका मॉनिटरवर रफार आणि वेलांटी एकमेकांत मिसळत होती, 'र्थि' आणि 'र्थी' ओळखू येईना, दुसऱ्यावर लख्ख. नंतर कळलं की पहिला व्हीजीएच्या वायरीवर होता. वायर बदलून एचडीएमआय लावली तर तोही सुधारला, तेव्हा माझा इतक्या वर्षांचा अंधूकपणा मोतीबिंदू नसून वायर असावी असा संशय आहे.

मग सुदामा नगरनं पडदा एकदा पूर्ण काळा, मग पांढरा, लाल, हिरवा, निळा करून बघितला, डेड पिक्सेल शोधायला. एकूण २०,७३,६०० ठिपके असतात म्हणे आणि एखाददुसरा मेलेला निघाला तर बऱ्याच कंपन्या बदलून देत नाहीत, म्हणून पैसे द्यायच्या आधीच बघायचं. पहिल्या पीसमध्ये एक निघालाच, पांढऱ्यावर काळा, मधोमध. म्हणजे जी ओळ तिथे येईल तिला फुकटचा अनुस्वार. मुद्रितशोधकाला असला मॉनिटर विकणं हा छळ आहे. दुसरा पीस उघडायला लावला, तो स्वच्छ निघाला. आयपीएस, ७५ की १०० हर्ट्झ ते लक्षात नाही, स्पीकर नाही. ८,४०० सांगितले, ८,१०० ला एचडीएमआय वायरीसकट दिला, पक्कं बिल, तीन वर्षांची वॉरंटी. साधे स्पीकर सहाशेचे वेगळे घेतले, कॅमेऱ्याचं काम फोन करेल. तेराशे रुपये उरले, त्यातले काही छप्पन दुकानला पोह्यांवर खर्च झाले हे मुलीचं भाकीत खरं ठरावं म्हणून.

घरी जुन्या मॉनिटरखाली दिवाळी अंकांची चळत होती, ती काढली. अक्षरं सव्वाशे टक्के केली. मान आज तरी गप्प आहे.

संपादकांना तातडीचं: पान ११ वरच्या मिठाईच्या जाहिरातीत फोन नंबर नऊच आकडी आहे. शेवटचा आकडा हिरव्या रेघेखाली असेल असं मी तिन्ही वेळा गृहीत धरलं होतं. फाइल प्रेसला गेली नसेल तर थांबवा.

नाना