पायाला जखम, जांघेत अवधाण. आणि लशीचे डोस अंतराने का?

जिज्ञासू: पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येते. दुखणे एकीकडे आणि गाठ दुसरीकडे, असे का? दुसरे म्हणजे, लशीच्या पहिल्याच डोसात शरीराला जंतूची ओळख पटत असेल, तर हिपॅटायटिस बीच्या लशीचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी कशाला? तिन्ही भराभर देऊन टाकले तर?

लसीका: दोन्ही प्रश्नांचा उलगडा त्या गाठीतच होतो. जखमेत काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी पोचतात आणि समोर येतील ते जंतू गिळतात. पू म्हणजे मुख्यतः याच मेलेल्या पेशी. तोवर डेंड्रिटिक पेशी (शरीराच्या पहारेकरी) जंतूचे तुकडे घेऊन लसीकावाहिनीतून, म्हणजे पेशींभोवतीचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळीतून, जवळच्या लसीका ग्रंथीकडे निघालेल्या असतात. पायाकडून येणारी वाट जांघेत जाते, हाताकडची काखेत.

ग्रंथीत टी आणि बी या जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींची दाटी असते, पण प्रत्येकीचे कुलूप वेगळे. आणलेला तुकडा किल्लीसारखा बसेल अशी पेशी लाखांत एखादी. ती सापडली की एकीच्या दोन, दोनाच्या चार होत जातात. ग्रंथी फुगते, ताणते, दुखते. तेच अवधाण.

बी_पेशी: डोसांचे सांगतो. पहिल्या आठवड्याच्या आसपास आयजीएम ही प्रतिपिंडे (बी पेशींनी बनवलेली, जंतूला पकडणारी प्रथिने) येतात. एकेकट्या हाताची त्यांची पकड सैल, पण त्यांना असे दहा हात असतात. आयजीजी हा प्रतिपिंडांचा दुसरा प्रकार त्यामागून. खरे काम पुढचे कित्येक आठवडे ग्रंथीत चालते: बी पेशी प्रतिपिंडाच्या जनुकात बारीक बदल करत राहतात आणि ज्यांची पकड घट्ट बसते त्याच टिकतात. दुसरा डोस फार लवकर दिला तर ही निवड अर्धवट असते, जंतू लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशीही पुरत्या तयार नसतात.

म्हणून किमान अंतरे ठरलेली आहेत: पहिल्या-दुसऱ्यात 4 आठवडे, दुसऱ्या-तिसऱ्यात 8, पहिल्या-तिसऱ्यात 16. घाई असेल तेव्हा मोठ्यांना 0, 7 आणि 21 दिवसांनी देतात, पण मग 12 महिन्यांनी चौथा डोस द्यावाच लागतो. उलट डोस लांबला तर पहिल्यापासून सुरुवात करू नका. राहिलेला तेवढा घ्या. हे फार जणांना माहीत नसते आणि उगाच पुन्हा टोचून घेतात.

लसीका: एक पुरवणी. जंतूशी सामना झाला की संरक्षण मिळतेच, असे धरून चालू नका. धनुर्वाताचे विष इतक्या कमी मात्रेत घात करते की तेवढ्याने प्रतिकारशक्ती जागी होत नाही. त्यातून बरे झालेल्यालाही लस लागतेच.

आणि अवधाण चोळू नका. जखम स्वच्छ ठेवा, ती भरली की गाठ उतरते. जखमेपासून वर लाल रेघ चढताना दिसली किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. न दुखणारी, टणक, वाढत जाणारी किंवा चार आठवड्यांनंतरही तशीच असलेली गाठ तपासून घ्यायलाच हवी.